सगळी बटणं बंद करा हं

बाबांना जेवायला उठवायचं तर ते आईनेच उठवावं लागे. धाकटीने सांगून उपयोग नसे, शेजारच्या काकूंनी सांगून तर नसेच. "तुम्ही बसा ना, आमच्या घरून बोलावणं आलं की मी उठेन," असं अगदी अदबीने म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघत बसत. आईची हाक आली, की मात्र चपला शोधायला लागत. आणि आईला जाऊन आता दहा महिने झाले होते.

ही सोय आईनेच करून ठेवली होती. बाबांचं विसरणं आधी सुरू झालं, आईचं दुखणं मागून आलं. पण मागून येऊन तेच पुढे निघून गेलं. डॉक्टरांनी मुदत सांगितली त्या आठवड्यात आई रडली नाही. तिने उशीला टेकून फोन हातात घेतला आणि दिवसाच्या एकेका कामासाठी एकेक वाक्य बोलून ठेवायला सुरुवात केली. "अहो, उठा, उजाडलं." "अहो, टॉवेल दारामागे आहे, इकडेतिकडे बघू नका." "अहो, चला जेवायला. आणि भाजी संपवायची, नुसतं वरचं वरचं खायचं नाही." एका वाक्यात मध्येच खोकला होता. एकात मागे नळ वाहत होता आणि आई बोलता बोलता थांबून म्हणाली होती, "अरे, तो नळ बंद करा कुणीतरी." अशी बेचाळीस वाक्यं झाली. त्रेचाळिसावं म्हणायला बसली तेव्हा दम पुरला नाही.

आई गेल्यावर धाकटी ती वाक्यं आईच्याच फोनवरून वाजवायची. पण धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला. सकाळी नऊला निघायची ती संध्याकाळी सातला परत. काकू दुपारी येऊन बसत, पण त्यांना फोनमधलं काही उमगत नसे. 'टॉवेल'च्या जागी 'भाजी' लागायची आणि बाबा न्हाणीघरातून ओलेत्याने स्वयंपाकघरात यायचे. त्यात आईचा फोन मागून फुगायला लागला. बॅटरी टम्म झाली, पाठ उघडली. तेव्हा धाकटीने ठरवलं, की आता घरातच एक डबा बांधायचा. सगळी वाक्यं त्यात ठेवायची, तीन खोल्यांत तीन जुने फोन भिंतीला टांगायचे, आणि डब्याने वेळ झाली की त्या त्या खोलीत आईला बोलतं करायचं. डबा दिवसरात्र जागा हवा, खर्चिक नको, आणि मुख्य म्हणजे त्याने वीज खाता कामा नये.

हे शेवटचं बाबांसाठी. बाबा मीटर वाचणारे. चौतीस वर्षं घरोघरी जाऊन, जिन्याखाली वाकून, जाळी झटकून लोकांचे आकडे लिहून घेतलेले. रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की त्यांना उघड्या तोंडाने झोपलेला माणूस दिसल्यासारखं होई, बंद केल्याशिवाय राहवत नसे. घरातली माणसं विसरले, तारखा विसरले, स्वतःचं नावही कधीकधी आठवून सांगत. पण हाताला बटण बरोबर सापडायचं. आणि दाराशी असलेल्या मीटरचा लाल दिवा किती वेळाने लुकलुकतो यावरून घरात काय काय चालू आहे, हे ते अजूनही सांगत. "इस्त्री कुणी विसरलंय," म्हणायचे, आणि खरोखर विसरलेली असायची.

जुन्या सामानाच्या दुकानात एक मामा होते. सगळ्यांचेच मामा. त्यांच्याकडून धाकटीने पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा संगणक घेतला आणि मोडीत आलेल्या लॅपटॉपमधल्या दोन हार्डडिस्क.

"दोन कशाला?" तिने विचारलं.

"आरसा करून देतो. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी आहे." मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "पण पोरी, आरसा म्हणजे प्रत नव्हे. तिसरीकडे कुठेतरी वेगळं ठेव. आणि वीज गेली तर सांभाळायला एक बॅटरी लाव मागे."

"बॅटरीला वीज लागेल ना, मामा."

"लागणारच. ती काय उपास करणार आहे?"

"मग नको. बाबांना मीटरवर दिसेल."

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "तुमच्या घरी चोरी करायची तर मीटरमध्ये बसूनच करावी लागेल."

डब्याला डबा म्हणायचा तो खरोखरच डबा होता, कच्च्या काचा येतात तो प्लॅस्टिकचा खोका. चष्म्याच्या काचेला भोक पाडायच्या ड्रिलने धाकटीने त्याला हवेसाठी भोकं पाडली, दुपारच्या सुट्टीत, एका ओळीत, सारख्या अंतरावर. हार्डडिस्क थरथरून आवाज करू नयेत म्हणून त्यांच्याखाली चष्म्याच्या नाकाला लावतात त्या मऊ गाद्या चिकटवल्या, एकीला सहा. दुकानाचे मालक म्हणाले, "आता ह्याला नंबरही काढून द्या." सगळं जुळल्यावर डबा चालू केला, तर कान लावल्याशिवाय कळत नव्हतं की चालू आहे. त्याची आणि शेजारच्या वायफायच्या खोक्याची मिळून वीज इतकी कमी, की फ्रिज थंड होऊन गप्प असला आणि घरातलं बाकी सगळं बंद केलं तर मीटरचा दिवा दोन मिनिटांनी एकदा लुकलुके. दोन मिनिटं मीटरकडे कोण बघत उभं राहतं? तिने डबा चपलांच्या कपाटामागे सरकवला, आईच्या फोनमधली बेचाळीस वाक्यं आत उतरवली, आपल्या फोनवर आधीच जागा नव्हती म्हणून तिथे होती ती, पाठवलेल्या निरोपांसकट, पुसून टाकली, आणि तो फुगलेला फोन पुसून मामांकडे मोडीत देऊन आली. जिवाला धोका नको म्हणून. डब्यात दोन दोन आरसे होते. दोन्ही एकदम कसे जातील?

पहिले तीन आठवडे घर पुन्हा घर झालं. सकाळी सातला झोपायच्या खोलीत आई म्हणे, "अहो, उठा, उजाडलं," आणि बाबा "हो, हो, उठतोय," म्हणत. काकू दुपारी आल्या की जेवून, तोंड धुऊन, केस विंचरून बसलेले सापडत. "मला तर बाई संकोच वाटतो," काकू म्हणायच्या. "तुझ्या आईच्या देखत बसल्यासारखं होतं. परवा मी बिस्किटाचा पुडा फोडला आणि वरून आवाज आला, 'आता पुरे हं.' मी पुडाच ठेवून दिला!"

"ते बाबांसाठी आहे, काकू."

"असू दे गं. मलाही पुरेच झालं होतं."

पाच वाजता मात्र घरात खरी धावपळ. पाचचं वाक्य होतं, "अहो, फिरायला निघायचं ना? सगळी बटणं बंद करा हं. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." हे वाक्य आई बोलत असताना धाकटी पलंगाशी बसली होती. तिने विचारलं होतं, "हे कशाला गं? काकू करतील की बंद." आई म्हणाली होती, "बयो, माणसाला घरात एक तरी काम असू दे. नाहीतर तो पाहुण्यासारखा बसून राहतो." तो निरोप धाकटीला तेव्हा इतका गोड वाटला, की तिने तो लगेच दादाला पाठवून दिला होता: बघ, आईने बाबांना कसलं काम लावलंय. दादा दूर, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. त्याने हसण्याचं चित्र पाठवलं होतं.

बाबा ते वाक्य ऐकताच ताठ होत. एकेका खोलीत जाऊन दिवा, पंखा, इस्त्री, टीव्ही, सगळं हाताने चाचपून बंद करत. फ्रिजला हात लावत नसत. तो कामावरचा माणूस, असं म्हणत. मग दाराशी येऊन मीटरकडे एक नजर टाकत, मान हलवत आणि काकूंना म्हणत, "चला."

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी काकूंच्या चपलेचा पट्टा तुटला. त्या पट्टा सांधत बसल्या, आणि बाबा मीटरसमोर उभे राहिले. एक मिनिट. दीड. दिवा लुकलुकला.

त्या दिवशी धाकटी सातला आली तर घरात अंधार, आणि अंधारात बाबा खुर्चीवर. साडेसहाचा चहा नाही, काही नाही.

"बाबा, अहो दिवा तरी लावायचा."

"कुणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले.

तिने चपलांचं कपाट सरकवलं. डब्याची वायर भिंतीतून काढून, व्यवस्थित गुंडाळून, वर ठेवलेली. मीटर वाचणाऱ्याने ठेवावी तशी.

"मी म्हटलं, घरच्या माणसाने घरचं बटण बंद केलं, मी परकी कोण बोलणार?" काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "आणि खूश किती झाले सांगू! 'सापडला चोर' म्हणाले. वाटभर शीळ घालत होते."

धाकटीने वायर लावली. डबा चालू झाला, आई बोलली, तिने मनातल्या मनात हात जोडले. मंगळवारी तिने वायर कपाटाच्या पाठीतून फिरवून वरच्या बोर्डाला लावली. बाबांनी पाच वाजून दहा मिनिटांनी शोधली. बोर्डावर तिने चिकटपट्टीही लावली होती. ती नीट सोलून काढलेली मिळाली. तिने पाचचं वाक्यच डब्याच्या यादीतून काढून टाकलं, तर बुधवारी बाबा बूट घालून सहा वाजेपर्यंत दाराशी उभे, काकूंचा हात धरायला तयार नाहीत. मग तिने दुकानातल्या संगणकावर बसून वाक्य कापलं. बटणांचं मधलं काढून टाकलं, नुसतं "फिरायला निघायचं ना?" ठेवलं. गुरुवारी बाबांनी तेवढं ऐकलं आणि पुढचं ऐकायला मान तशीच तिरपी धरून थांबले. काकू म्हणाल्या, किती वेळ थांबले म्हणून सांगू, मलाच बघवेना. शुक्रवारी धाकटीने पूर्ण वाक्य परत लावून पुढे आपल्या आवाजात जोडलं: "कपाटामागचं बटण सोडून हं."

"ही कोण मध्ये बोलतेय?" बाबा काकूंना म्हणाले. "हिला सांगा, आमचं चाललंय."

आणि जाऊन कपाटामागचंच बटण आधी बंद केलं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने मामांना फोन केला. "मामा, बॅटरी लावू या. मीटरवर दिसलं तर दिसलं."

"रविवारी ये. आणि ऐक, त्या वाक्यांची कुठे प्रत केलीस?"

"रविवारी करते."

"आजच कर."

"आज बाबांना जेवू घालायचंय मामा, डबा आत्ताच चालू केलाय, जरा स्थिर होऊ दे." तिला खरंच तसं वाटलं होतं. दमलेल्या माणसाला लगेच कामाला लावू नये तसं.

शनिवारी सातला ती आली. वायर गुंडाळलेली होती. तिने लावली. डब्याच्या आत कुणीतरी नखाने टकटक केल्यासारखा आवाज आला. टक, टक, टक, थांबून पुन्हा टक. भिंतीवरचे तिन्ही फोन गप्प. आठ वाजले, जेवणाची वेळ झाली, गेली.

मामांचं दुकान उघडं होतं. त्यांनी भोकांचं झाकण काढलं, नाकाच्या गाद्यांवरून हार्डडिस्क अलगद उचलल्या, एक कानाशी धरली, दुसरी धरली.

"ही वरची बुधवार-गुरुवारीच गेलेली आहे," ते म्हणाले. "तुला कळलं नसणार. डब्याला ना पडदा, ना दिवा. खालची एकटी ओढत होती."

"पण दोन आरसे..."

"अशी पाचला अचानक वीज तोडली, की परत लावल्यावर दोघी एकमेकींशी ताळा करायला बसतात. एकेक अक्षर. अख्खी रात्र, दुसरी दुपार. तो होतोय न होतोय तोच पुन्हा पाच. म्हाताऱ्या हार्डडिस्क त्या, किती धावतील?" त्यांनी खालच्या हार्डडिस्कचे स्क्रू काढले आणि ती दिव्याखाली तिरकी धरली. "हे बघ. तुला समजेल."

चकचकीत गोल पत्र्यावर केसाएवढी बारीक एक रेघ होती, वर्तुळभर. वरचीही उघडून दाखवली, तिच्यावर तशाच दोन.

धाकटीला समजलं. दुकानात रोज कुणीतरी काच घेऊन येई आणि म्हणे, एवढा ओरखडा पुसून द्या हो. आणि ती रोज सांगे, ओरखडा पुसता येत नाही. तिथली काचच गेलेली असते.

"कुणी काढून देणारं नाही?"

"असतात मोठ्या ठिकाणी. नुसती बंद पडली असती तर पाठव म्हटलं असतं." मामांनी हार्डडिस्क कापडात गुंडाळली, उगीचच, जपून. "माझंच चुकलं. मी तेव्हाच तिसरी प्रत काढून माझ्याकडे ठेवायला हवी होती."

"तुम्ही सांगितलं होतंत, मामा."

"सांगितलं होतं," मामा म्हणाले.

आईचा फोन? तो मोडीत गेलेला, पुसून, तिने स्वतःच्या हाताने. चष्म्याच्या दुकानातल्या संगणकावर ते कापलेलं वाक्य? मालक शनिवारी दुकान बंद करताना सगळं झाडून काढत, संगणकसुद्धा. तिने फोन करून विचारलं. "तुमचं काही होतं का त्यात?" मालक म्हणाले.

मग तिने दादाला फोन लावला. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होत होती.

"दादा, आईचं काही आहे का तुझ्याकडे? आवाज. काहीही."

"सगळं तुझ्याकडेच आहे ना, धाकटे? तूच तर तो डबा..."

"दादा, बघ ना."

तो बघत होता. पलीकडे त्याची बायको उठल्याचा आवाज आला, कुणाचा फोन आहे, काय झालं.

"एक आहे," तो म्हणाला. "तू पाठवलेलं."

तिला कुठलं ते विचारावं लागलं नाही.

"एकच?"

"आईने मला कधी काही बोलून पाठवलं नाही गं. ती फोन करायची."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. धाकटीने ताट पुढे ठेवलं, घास हातात दिला, आईसारखं "अहो" म्हणून पाहिलं. आपल्याच तोंडून तो शब्द ऐकून ती शरमली. बाबा तिच्याकडे दयाळूपणे बघत म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या. आमचं माणूस येईल." रविवारी ते उठलेच नाहीत. डोळे उघडे, तोंड भिंतीकडे. नऊ वाजले, अकरा वाजले. काकू येऊन गेल्या, पाण्याचा पेला तसाच ठेवून म्हणाल्या, "ओठसुद्धा हलवत नाहीत गं. आपलं काही चालत नाही." चादर ओली झाली होती, ती बदलायलाही त्यांनी अंग हलवलं नाही. दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही तर घेऊन या, नळी घालू.

साडेबाराला धाकटीने स्वयंपाक केला, आईने सांगितल्यासारखी भाजी जास्त घेतली, ताटावर झाकण ठेवलं. मग पलंगाशी उभी राहून तिने फोन हातात धरला. तिला दुसरं काहीच सुचत नव्हतं. तिने दादाने पाठवलेलं वाक्य लावलं.

"अहो, फिरायला निघायचं ना? सगळी बटणं बंद करा हं. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

बाबांची पाठ हलली. ते वळले. "हो, हो," म्हणाले आणि उठून बसले. पाय जमिनीला लागले. इतक्या सहज, की धाकटीला हुंदकाच फुटला. ते उभे राहिले, पंख्याचं बटण बंद केलं, बाहेर आले, टीव्ही पाहिला, इस्त्री पाहिली, स्वयंपाकघरातला दिवा बंद केला. कपाटामागे वाकले. तिथे आता काहीच नव्हतं, वायफायचा खोकाही डब्याबरोबरच काढलेला. हाताने भिंत चाचपून त्यांनी खात्री करून घेतली. मग दाराशी जाऊन मीटरसमोर उभे राहिले.

धाकटी त्यांच्या शेजारी उभी राहिली. एक मिनिट झालं. दोन झाली. अडीच. फ्रिजही गप्प होता. लाल दिवा लुकलुकला नाही.

"बघ," बाबा म्हणाले. तिला की कुणाला, देव जाणे. "थांबलं."

"हो बाबा. आता जेवायला चला."

त्यांनी ऐकलं नाही. हळूहळू त्यांचे खांदे पुन्हा उतरायला लागले, पाय पलंगाच्या दिशेने वळले. तिने घाईघाईने फोन पुन्हा लावला. "अहो, फिरायला निघायचं ना? सगळी बटणं बंद करा हं..."

बाबा थांबले. पुन्हा एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून आले, एकेका बंद बटणावर बोट ठेवून. स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरासा राग होता. कित्येक वर्षांच्या संसारातला, आपल्या माणसावरच काढायचा.

"झाली की बंद! किती वेळा सांगशील?"

आणि ते ताटासमोरच्या खुर्चीपाशी उभे राहिले, मान थोडी तिरपी करून, पुढचं ऐकायला.

धाकटीने ताटावरचं झाकण काढलं. वाफ गेलेली होती. जेवायचं वाक्य तिच्याकडे नव्हतं. तिने झाकण परत ठेवलं.